गाडीला जागा, माणसाला वाट

(अंबाडी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय आहे शहरांतल्या खासगी मोटारी कमी करण्याचा, आणि आपण बसलोय अंबाडीत, भिवंडी-वाडा रस्त्याला लागून. काहींना हे विसंगत वाटेल. शहरातल्या पार्किंगशी अंबाडीचा काय संबंध? मला मात्र वाटतं, की या प्रश्नातली एक महत्त्वाची गोष्ट शहरातल्या माणसापेक्षा इथल्या माणसाला जास्त ठाऊक आहे. ती कोणती, ते पुढे येईलच. आधी ज्याची चिकित्सा करायची ते समोर ठेवू.

२०२५ च्या जानेवारीत, आणि पुन्हा मे महिन्यात, आपल्या राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी सांगितलं, की यापुढे मोटार घ्यायची असेल तर ती उभी करायला जागा असल्याचं प्रमाणपत्र लागेल. ते नसेल तर नोंदणी नाही. कल्पना नवी नाही. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रात मंत्री असताना व्यंकय्या नायडूही असंच बोलले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका जनहित याचिकेच्या सुनावणीत म्हटलं, की जागा नसताना लोकांना गाड्यांवर गाड्या घेऊ देणं बरोबर नाही. आणि जपानमध्ये तर १९६२ पासून तसा कायदाच आहे. घरापासून ठरावीक अंतरात जागा दाखवा, पोलीस ठाण्यातून दाखला घ्या, मग गाडी घ्या.

आपल्याकडे नियम केव्हा आणि कसा येईल, हा सरकारचा भाग. मला त्यामागचा विचार तपासायचा आहे. हा विचार पक्षांच्या पलीकडचा आहे. पुण्यात, मुंबईत, नागपुरात कुठल्याही सुशिक्षित बैठकीत बसा, पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "जागा नाही तर गाडी घेतात कशाला?"

पहिल्या झटक्याला हे पटतं. माझ्या पिढीला तर फारच पटतं. गोठा नसेल तर म्हैस घेऊ नये, इतकं ते सरळ आहे. पण हाच दाखला जरा पुढे नेऊ. म्हैस गोठ्यात किती वेळ असते? सकाळी ती सुटते आणि गुरचरणावर जाते. गावात गुरं वाढली, गुरचरण उजाड झालं, आणि ग्रामपंचायतीनं उपाय काढला, की ज्याच्याकडे पक्का गोठा आहे त्यानंच गुरं पाळावीत. तर गुरचरण वाचेल का? मुळीच नाही. ज्याचा गोठा मोठा, त्याची दहा जनावरं चरतील. ज्याची एक शेळी झाडाला बांधलेली असते, तिला मात्र बंदी होईल. गोठ्याचा आणि चराईचा प्रश्नच वेगळा आहे.

मोटारीचं तेच आहे. मोटार उभी असते ती एक जागा, आणि मोटार चालते ती दुसरी. उभी करायची जागा खासगी असू शकते. चालवायची जागा मात्र सगळ्यांची असते. घोडबंदर रस्त्यावर सकाळी नऊला जी कोंडी होते, त्यातल्या कितीतरी गाड्या आपापल्या इमारतीच्या पोडियममधून, स्वतःच्या मालकीच्या जागेतून बाहेर पडलेल्या असतात. प्रमाणपत्र मागितलं तर त्या सगळ्या पहिल्या वर्गात पास होतील, आणि कोंडी तशीच राहील.

तत्त्वज्ञानात याला आम्ही कोटीची गल्लत म्हणतो. एका कोटीतल्या प्रश्नाला दुसऱ्या कोटीतलं उत्तर द्यायचं. मालकी ही एक कोटी, वापर ही दुसरी. सरकारला वापर कमी करायचा आहे आणि ते दाखला मागतंय मालकीचा. जपानचं उदाहरण देणारे नेमकं हेच विसरतात. त्या कायद्यानं जपानच्या गल्ल्या मोकळ्या ठेवल्या, रात्री रस्त्यावर गाडी लावायची पद्धत तिथं रुजू दिली नाही, हे मोठंच काम झालं. पण त्याच काळात जपान जगातला सगळ्यात मोठ्या मोटारउद्योगांपैकी एक झाला आणि घरोघरी गाड्याही आल्या. टोकियोत माणसं गाडी घरी ठेवून निघतात, कारण रेल्वे वेळेवर येते. ते श्रेय पार्किंगच्या दाखल्याचं नव्हे.

आता जागेचा हिशेब करू. नगररचनेत एका मोटारीला किती जागा धरायची याचे आकडे असतात. दिल्लीच्या २०२१ च्या बृहत् आराखड्यात, गाडी वळवायला लागणारी वाट धरून, उघड्यावर २३ चौरस मीटर, इमारतीखाली छताच्या जागेत २८ आणि तळघरात ३२ असे धरले आहेत. या २८ चौरस मीटरचे चौरस फूट करा. ३०० होतात. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात एका कुटुंबाला मिळणारं घर किती? ३०० चौरस फूट. म्हणजे पाच माणसांच्या संसाराला जेवढी जागा, तेवढीच एका मोटारीला. आणि तळघरात उतरली तर मोटारीला चव्वेचाळीस फूट जास्त. मी हे भावनेनं सांगत नाही, गुणाकार करून सांगतोय. तुम्हीही करून पाहा.

ज्याच्याकडे राहायला ३०० फूट आहेत, तो प्रमाणपत्रासाठी आणखी ३०० फूट कुठून दाखवणार? आणि ज्याच्याकडे १५०० फूट आहेत, त्याला ते देताना काय अवघड आहे? पूर्वी मतदानाला मालमत्तेची अट असायची. सारा भरणाऱ्यालाच मत. ती अट आपण काढून टाकली. ती रस्त्याच्या दारानं आत येतेय.

इथं दहिसरच्या एका खटल्याची आठवण होते. पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेचा. बिल्डरचं म्हणणं, इमारतीखालची खांबांमधली जागा माझी, मी ती वेगळी विकणार. संस्थेचं म्हणणं, ती सगळ्या सभासदांची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ३१ ऑगस्ट २०१० ला निकाल लागला, की ती जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती सामाईक आहे, बिल्डरला ती सुटी विकता येणार नाही. मला हा निकाल फार आवडतो. जी जागा सामाईक आहे ती कुणीतरी हळूच आपली करतो आणि मग तिची किंमत लावतो, ही प्रक्रिया न्यायालयानं तिथं पकडली. आता उद्या नोंदणीसाठी दाखला सक्तीचा झाला, की या जागांना सोन्याचा भाव येईल. ज्या संस्थेत चाळीस सभासद आणि पंधरा जागा आहेत, तिथं दाखला कुणाला द्यायचा? चिठ्ठ्या टाकणार, की सचिवाच्या मर्जीवर? सहकारी संस्थांतली भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको.

आता जरा खोलात जाऊ. १९७३ मध्ये आंद्रे गोर्झ नावाच्या फ्रेंच विचारवंतानं मोटारीवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की मोटार ही मुळात चैनीची वस्तू आहे, आणि चैनीची वस्तू सगळ्यांना मिळाली की तिचा उपयोग संपतो. पुढे १९७६ मध्ये फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञानं हीच गोष्ट जास्त काटेकोरपणे मांडली. आपल्या भाषेत सांगतो. जत्रेत कुस्तीचा फड लागलाय. सगळे बसून बघतायत. पुढच्या रांगेतला एक उभा राहिला. त्याला छान दिसलं. मग त्याच्या मागचा उठला, मग त्याच्या मागचा, आणि शेवटी सगळा फड उभा. आता कुणालाच पूर्वीपेक्षा जास्त दिसत नाही, आणि पाय मात्र सगळ्यांचे दुखतायत. पहिल्या माणसाला जे दिसलं, ते बाकीचे बसले होते म्हणून दिसलं.

मोटारीचा वेग असाच असतो. माझी गाडी वेगानं जाते, ती बाकीचे बसमध्ये किंवा पायी आहेत म्हणून. कान्टनं सांगितलेली कसोटी आहे ना, की तुझ्या वागण्याचा नियम सर्वांनी पाळला तर काय होईल ते बघ, ती इथं लावा. सगळे मोटारीनं निघाले तर मोटारीनं जाण्याचा हेतूच मरतो.

हे एकदा ध्यानात घेतलं, की पार्किंगच्या दाखल्याचं खरं काम कळतं. तो गर्दी कमी करणार असेल, तर ती कुणाला बसवून? ज्यांच्याकडे जागा नाही त्यांना. म्हणजे फडात पुढे उभे असलेले उभेच राहणार, आणि मागच्यांना पोलीस सांगणार, "तुम्ही बसा, तुमच्याकडे उभं राहण्याचा दाखला नाही." पुढच्यांना पुन्हा छान दिसायला लागेल. मोटारीचं गमावलेलं मोल तिच्या जुन्या मालकांना परत मिळवून देण्याची ही व्यवस्था आहे. हेतू तसा नसेल. मी हेतूबद्दल बोलत नाही. परिणाम तसा होईल.

सरकारला मोटारी खरोखरच कमी करायच्या आहेत का, हेही बघायला हवं. माणूस बोलतो काय यापेक्षा पैसा कुठं टाकतो, ते पाहावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींसारख्या हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. त्याआधी मार्चमध्ये सागरी किनारा मार्ग सुरू झाला. हजारो कोटींचा रस्ता, टोल नाही, आणि दुचाकीला बंदी. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं. दुप्पट! आणि त्याच मे महिन्यात आपण ऐकतो, की लोकांनी मोटारी कमी घ्याव्यात म्हणून प्रमाणपत्र आणतोय. आठ महिन्यांच्या आत मोटारीनं शहरात शिरणं स्वस्त झालं आणि बसनं जाणं महाग झालं. दाखला हे तोंडानं बोलणं झालं. खिशाची भाषा उलटी आहे.

वर गंमत अशी, की केंद्राचं राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण २००६ सालीच ठरलेलं आहे आणि त्यात स्वच्छ म्हटलंय, की रस्त्याची वाटणी वाहनांकडे बघून न करता माणसांकडे बघून करायची. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली, देशातला पहिला प्रयोग. बससाठी राखीव मार्गिका. ती कशी अर्धवट बांधली, तिच्यात गाड्या कशा घुसल्या आणि मग 'बीआरटीमुळेच कोंडी होते' असं म्हणून ती काही ठिकाणी उखडली कशी, हे पुणेकरांना तोंडपाठ आहे. दिल्लीत २००८ ला सुरू झालेली मार्गिका काढायला काही मंडळी न्यायालयात गेली होती. त्यांचा एक युक्तिवाद असा, की मोटारीतली माणसं संपत्ती निर्माण करतात, त्यांचा वेळ मोलाचा. २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं ती याचिका फेटाळली. पुढे सरकारनंच मार्गिका उखडली. म्हणजे युक्तिवाद न्यायालयात हरला आणि रस्त्यावर जिंकला.

आता ती गोष्ट, जी अंबाडीला ठाऊक आहे म्हणालो होतो. वहिवाट.

तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात वहिवाटीचं एखादं भांडण झालेलं असणार. शेतात जायची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून जाते. त्यानं एके दिवशी काटे टाकले, दगड रचले. आपण काय करतो? तहसीलदाराकडे जातो. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, त्यातल्या कलम ५ खाली अडथळा काढायची मागणी करतो, तीही सहा महिन्यांच्या आत. नवीन वाट हवी असेल तर महसूल संहितेचं कलम १४३. शाळा न शिकलेल्या शेतकऱ्यालाही ही कलमं पाठ असतात. कारण वाट अडली की पेरणी अडते. या सगळ्या कायद्याच्या मुळाशी एकच धारणा आहे: जमीन कुणाचीही असो, जाण्यायेण्याचा हक्क हा वेगळा हक्क आहे, आणि तो अडवणाऱ्यानं उत्तर द्यायचं असतं.

आता हाच शेतकरी कल्याणला किंवा भिवंडीला जातो. फुटपाथवर एक मोटार चढवून ठेवलेली. दिवसभर. म्हातारी बाई, शाळेतलं पोर, सगळे तिला वळसा घालून रस्त्यावर उतरतात, ट्रकच्या पुढ्यात. गावात हे कुणी केलं असतं तर वहिवाट अडवली म्हणून नोटीस निघाली असती. शहरात त्याला पार्किंग म्हणतात! आणि उत्तर कुणी द्यायचं? चालणाऱ्यानं. त्यानं सांभाळून चालायचं.

पुढे तर आणखी मजा. तो मोटारवाला म्हणतो, "दहा वर्षं मी इथंच लावतो, ही माझी जागा." एखादी कुंडी, फुटकी खुर्ची, दोन विटा ठेवून तो हद्द आखतो. म्हणजे वहिवाटीचं तत्त्वही त्यानंच उचललं! पण सार्वजनिक रस्त्यावर असा हक्क वर्षं मोजून उत्पन्न होत नाही. वहिवाट ही जाण्याची असते, अडवण्याची नसते.

म्हणून माझी हरकत प्रमाणपत्र कडक आहे अशी नाहीच. ते चुकीचा प्रश्न विचारतं अशी आहे. 'तुझ्याकडे उभं राहायला जागा आहे का?' असं ते विचारतं. विचारायला हवं ते असं: 'तू चालवतोस तेव्हा कुणाची वाट अडते, आणि त्याला तू काय देतोस?'

लंडननं हे २००३ मध्ये विचारलं. शहराच्या मध्यभागी मोटार आणायची तर रोजचे पाच पौंड. तो पैसा वाहतुकीवरच खर्च करायचा, असं कायद्यानं बांधून दिलं, आणि बसगाड्या आधी वाढवल्या, मग शुल्क लावलं. स्टॉकहोममध्ये २००६ साली आधी काही महिने करून दाखवलं आणि मग लोकांचं मत घेतलं. आधी नको म्हणणारं शहर नंतर निसटत्या बहुमतानं हो म्हणालं. यात श्रीमंत पैसे टाकून जाणारच, हा आक्षेप मला मान्य आहे. पण फडात उभं राहणारा निदान बसलेल्यांना काहीतरी देतो. दाखल्यात तो काहीच देत नाही, उलट त्याच्या जागेचा भाव वाढतो.

(एका श्रोत्याचा प्रश्न: "सर, पिढ्यान् पिढ्या आम्ही पायी चाललो. आता आमच्या पोरांनी गाड्या घेतल्या, तर तुम्ही म्हणता कमी करा. हे कसं?")

बसा, बसा. हा आजचा सगळ्यात जड प्रश्न आहे आणि मी तो टाळणार नाही. २००८ च्या जानेवारीत टाटांनी नॅनो दाखवली, तेव्हा स्कूटरवर चौघं जाणारं कुटुंब पावसात भिजू नये, ही त्यामागची प्रेरणा होती. शहाण्यासुरत्या लोकांनी तेव्हा नाकं मुरडली, की आता रस्त्यांचं काय होणार. त्यांच्या स्वतःच्या दारात दोन-दोन गाड्या होत्या. २०११ च्या जनगणनेत शंभरातल्या पाच घरांतही मोटार नव्हती, पंचेचाळीस घरांत सायकल होती. तेव्हा रस्ते भरून टाकले ते कुणी?

आणि वाहनाचा प्रश्न आपल्याकडे नुसता सोयीचा नाही, मानाचा आहे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत दोन प्रसंग लिहून ठेवलेत. लहानपणी मसूर स्टेशनवरून गोरेगावला जायचं होतं. जात कळल्यावर कुणी बैलगाडी देईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन पोरांनी स्वतः गाडी हाकली. पुढे १९२९ मध्ये चाळीसगावला, परदेशातून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेल्या या माणसाचा टांगा हाकायला टांगेवाला तयार नव्हता. वस्तीतल्याच, सवय नसलेल्या एकानं हाकला, अपघात झाला, बाबासाहेब जखमी झाले. ज्याला दुसऱ्याच्या गाडीत बसायची परवानगी मागावी लागली, त्याला स्वतःच्या गाडीची किंमत कळते. तिथं 'कार्बन'वर प्रवचन देणं हा उद्धटपणा आहे.

पण याच प्रसंगाची दुसरी बाजूही बघा. हा अपमान मोडायला पहिल्यांदा काय आलं? घरोघरी मोटारी नव्हत्या आल्या. आगगाडी आली, आणि १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर एसटी धावली. तिकीट फाडताना शेजारी कोण बसलंय ते विचारत नाहीत. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. घरातल्या एकुलत्या दुचाकीची किल्ली ज्यांच्या हाती कधीच नव्हती, त्यांना अर्ध्या पैशात जाणं जमलं. मला स्वतःला पंचाहत्तरी झाल्यापासून ती फुकट आहे, त्यामुळे मी पक्षपाती आहे असं समजा. तर माझं म्हणणं, तुमच्या मुलानं गाडी घेऊ नये असं नाही. त्याला ती रोज काढावी लागते, हा त्याचा नाइलाज आहे, आणि त्या नाइलाजाला आपण स्वातंत्र्य म्हणतो, ही माझी तक्रार आहे. गाडीचे हप्ते, पेट्रोल, भिवंडी-वाडा रस्त्यावर मोडणारे शॉकअब्सॉर्बर, कंटेनरच्या मागं गेलेला तास, हे सगळं एसटी वेळेवर नसल्याचं बिल आहे. ते तुम्ही भरता.

(दुसऱ्या श्रोत्याचा प्रश्न: "मेट्रो आली की सुटेल का?")

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. ती भिवंडी शहराला उपयोगी पडेल, पडायलाच हवी. वसई-दिवा मार्गावर भिवंडी रोड स्टेशन आहे, तिथं गाड्या वाढायला हव्यात, ही मागणी त्याहून जुनी. पण मेट्रो अंबाडीला येत नाही. इथला माणूस मेट्रोपर्यंत कशानं जाणार? दुचाकीनं. मग स्टेशनखाली दुचाकींचा वेगळा डोंगर. समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यात आमणेला येऊन संपला, जून २०२५ मध्ये. नागपूर इथून आठ तासांवर आलं म्हणतात. अंबाडी ते ठाणे किती तास, हे मला कुणी छातीठोक सांगेना.

(हशा. एका तरुणाचा प्रश्न: "सर, मी गोदामात आहे, माणकोलीला. सकाळच्या पाळीची एसटी चुकली तर अर्धा दिवस कापतात. मी काय करू?")

तू दुचाकीनं जा. नि हेल्मेट घाल. तुझ्याकडून त्यागाची अपेक्षा करायचा मला अधिकार नाही. पण एक कर. माणकोली, पूर्णा, दापोडा, तिकडच्या गोदामांत अंबाडीहून, वाड्याकडून किती पोरं कुठल्या पाळीला जातात, एवढी यादी करा. नावं नकोत, आकडे आणि वेळा. ती घेऊन आगारात जा आणि पाळीच्या वेळेला बस मागा. दिली तर एक महिना भरून दाखवा. नाही दिली तर तोच कागद तहसीलदारांकडे न्या, आणि अर्जाच्या विषयात लिहा, 'वहिवाट'. कलम ५ खाली तो अर्ज बसणार नाही, हे मलाही कळतं. पण वाचतील तरी. मसुदा करायला मी येतो, रविवार सोडून केव्हाही.